सुई, नाडी आणि आकडा

‘चिनी सुयांनी रक्तदाब बरा होतो, हजारो वर्षांचा उपचार आहे तो,’ असे आपण पुष्कळदा ऐकतो. रक्तदाबाची गोळी मलाही रोज लागते. म्हणून या वाक्याचा इतिहास पाहावासा वाटला.

सुयांची विद्या जुनी आहे, हे खरेच. ‘हुआंगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथात ती सविस्तर आहे. तिथला वैद्य नाडी पाही. आपल्याकडे वैद्य नाडी आणि हकीम नब्ज पाहत, तसाच. पण बोटांना ठोका कळतो, दाबाचा आकडा कळत नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोच्चीने १८९६ मध्ये आणला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हने स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दाब मोजायची रीत दिली. जे दुखणे बहुधा जाणवतच नाही, ते मोजल्याशिवाय ओळखणार कसे? मग त्यावरचा उपचार हजारो वर्षांचा कसा?

आपल्याकडे ही विद्या मैत्रीच्या वाटेने आली. १९३८ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. बिजॉयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात सुयांनी उपचार करू लागले. या मैत्रीचा मला अभिमान आहे. पण रक्तदाबाचा निवाडा आकड्यानेच व्हायला हवा.

तो झालाही. २००६ मध्ये अमेरिकेतील १९२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. शास्त्रोक्त बिंदूंवर टोचलेल्या आणि भलत्याच जागी टोचलेल्या सुयांत फरक दिसला नाही. २००७ मध्ये जर्मनीतील १६० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांत २२ वेळा सुया टोचल्यावर दाब थोडा उतरला. उपचार थांबल्यावर तीन महिन्यांनी पाहिले, तर तो पुन्हा पहिल्या जागी आला होता.

ज्याला सुयांनी बरे वाटते, त्याने त्या जाणकाराकडून जरूर घ्याव्यात. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नये. रक्तदाब न बोलता वाढतो आणि अर्धांगवायूच्या रूपाने एकदम बोलतो.