पांडेसरा : रंगाईचे पाणी आणि शाश्वत रचना

पांडेसरा ही सुरतच्या दक्षिण भागातील औद्योगिक वसाहत कृत्रिम धाग्यांच्या कापडाची रंगाई व छपाई यांसाठी प्रसिद्ध आहे. या परिसरात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. रंगाईला पाणी विपुल लागते. त्यासाठी सुरत महानगरपालिकेने २०१४ साली बमरोली येथे दररोज ४ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू केला. तेथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना पुरविले जाते. तेवढे गोडे पाणी वाचते. माध्यमिक शाळेत रचना व तंत्रज्ञान शिकणाऱ्यांनी मात्र याच्या एक पाऊल मागे जाऊन पाहावे. गडद छटेच्या कापडाला रंगाईनंतर सहसा अधिक धुलाई लागते आणि ते रंगीत पाणी पुन्हा शुद्ध करावे लागते. म्हणजेच पाण्याचा हिशेब कारखान्यात नव्हे, छटा निवडणाऱ्याच्या आराखड्यावरच सुरू होतो.