रामदास बोट आणि अमावस्येची भरती

बेलापूरच्या किंवा वाशीच्या खाडीकाठी भरतीच्या वेळी उभं राहिलात, तर पायाशी येणारं पाणी मुंबई बंदराच्या तोंडातून आत आलेलं असतं. १७ जुलै १९४७ ला ह्याच पाण्याने सहाशेहून अधिक माणसं गिळली. आणि एका पोराला, बहुधा, किनाऱ्यावर आणून सोडलं.

स्वातंत्र्याला महिना उरला होता. गटारी अमावस्या. सणाला गावी निघालेल्या चाकरमान्यांनी भरलेली 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. प्रवास जेमतेम दीड तासाचा. काशाच्या खडकाजवळ वादळाने गाठलं. बोट एका बाजूला कलली, घाबरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले, आणि तोल गेलाच.

बोटीवर वायरलेस नव्हता. बोट बुडाली तरी मुंबईत कित्येक तास कुणाला पत्ताच नाही. रेवसकडून मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी ती बुडणारी माणसं पाहिली. त्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि मचव्यांत माणसं घेतली. दिवसाच्या कमाईचा हिशेब करायला कुणी थांबलं नाही.

दहा-बारा वर्षांचा एक मुलगा मात्र त्यांच्या हाती लागला नाही. लाइफबॉयला धरून तो एकटाच वाहत राहिला आणि पोहोचला थेट गेटवे ऑफ इंडियाला. कसा? अमावस्येला उधाणाची भरती असते आणि मुंबईत तिची वेळ साधारण दुपारी बाराची. म्हणजे बोट बुडाली तेव्हा पाणी जोरात बंदराच्या आत शिरत होतं. ओहोटी असती, तर तेच पाणी त्याला खोल समुद्रात घेऊन गेलं असतं.

पण वाचण्याची सगळी भिस्त भरतीच्या वेळेवर ठेवायची का? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा उपग्रह होते, इशारे होते, वायरलेसही होता. तरी मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ बार्ज २६१ माणसांसह अडकून बुडाला. लाइफजॅकेट घालून रात्रभर लाटांत तरंगलेल्या अनेकांना नौदलाने वाचवलं, सत्तरहून अधिक परतले नाहीत. १९४७ मध्ये बातमी पोहोचली नव्हती. २०२१ मध्ये ती आधीच पोहोचली होती.

म्हणून पुढच्या वेळी वादळाचा इशारा मोबाइलवर आला, की एवढंच विचारा: तो वाचून बोट थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे?