फेलोशिपनंतर काय?

रायपूरला आल्यापासून येथील मराठी कुटुंबांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मुलगी पदवीधर झाली, एका स्वयंसेवी संस्थेची दोन वर्षांची फेलोशिप मिळते आहे, घ्यावी का? खरा प्रश्न त्यामागोमाग येतो : दोन वर्षांनंतर काय?

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यात फार पूर्वीच दिले गेले होते. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. सुशिक्षितांनी सार्वजनिक कार्य फावल्या वेळी नव्हे, तर पूर्णवेळ करावे, हा त्यामागील हेतू. नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती. सात शपथांपैकी एक अशी, की सदस्य स्वतःसाठी धनार्जन करणार नाही, आणि समाज त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तरतूद करील, तीत समाधान मानील. त्यागाच्या शपथेतच कुटुंबाची तरतूद गृहीत धरली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर अध्यापन करून १९०२ साली निवृत्त झालेल्या गोखल्यांना संसाराचा हिशेब ठाऊक होता.

त्याची फळे दीर्घकाळ मिळाली. ठक्करबाप्पा मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ साली समाजात आले व पुढे दाहोदला भिल्लांमध्ये काम उभे केले. ना. म. जोशी कामगार चळवळीत आयुष्यभर राहिले. रायपूर ज्या मध्य प्रांतात होते, त्याच्या राजधानीत, नागपुरात, १९११ साली ‘हितवाद’ निघाले, तेही याच समाजाचे.

शंभर वर्षांनी, २०११ साली, केंद्राने पंतप्रधान ग्रामविकास फेलो योजना जाहीर केली. बस्तरसारख्या नक्षलग्रस्त भागांत तरुण पदवीधर जिल्हाधिकाऱ्यांसोबत काम करू लागले. ती योजना आता नाही. अशा तरुणांना गाव, बोली आणि तेथील माणसे कळू लागतात, तोवर त्यांची मुदत भरते.

अर्थशास्त्राच्या भाषेत, पुढील वाट अनिश्चित असली की विद्यावेतनाची खरी किंमत घटते. मग ज्यांच्या घरी दोन वर्षे निभावून नेण्याची ऐपत आहे, तेच अर्ज करतात. बस्तरमधील शेतकऱ्याची पदवीधर मुलगी मागे राहते.

आजच्या तरुणांकडून आजन्म शपथ मागणे योग्य नव्हे. मात्र संस्थेला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : आधीचे फेलो आज कोठे आहेत, आणि मुदतीनंतर आमच्यासाठी जागा आहे का? उत्तर समाधानकारक असेल, तर पालकांनी मुलीला खुशाल पाठवावे.