मागच्या रांगेतला अंधार

गेल्या बैठकीत आपल्या एका सभासदाने इंदूरच्या वाड्यांमधले जुने लग्नाचे फोटो पडद्यावर दाखवले. एका ग्रुप फोटोखाली ओळ होती : 'मागे उभे, घरातील नोकरमंडळी.' मी जागेवरूनच म्हणालो, "अहो थांबा, हा फोटो माझा आहे!" १९७८ साली, राजवाड्याच्या मागच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात मीच तो काढला होता. मागे कोपऱ्यात काळवंडलेली दिसते ती यजमानांची सख्खी आत्या. सगळं घर तिच्या शब्दावर चालायचं.

सभासदाचा दोष नाही. फोटो पाहून कुणालाही तसंच वाटेल. दोष माझ्या फ्लॅशचा, म्हणजे माझाच.

माजघरात जागा कमी, माणसं बरीच. सतरंजीवर पोरं बसलेली, माझ्यापासून ६ फुटांवर. त्यांच्या मागे खुर्च्यांवर वडीलधारे, आणि भिंतीला टेकून शेवटची रांग, १२ फुटांवर. माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर ६६. त्याला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं. मी पोरांचं अंतर धरलं आणि ११ लावलं. शेवटच्या रांगेला ५.६ हवं होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. हे मला पाठ होतं, पण त्या दिवशी मुहूर्ताची घाई, आणि पोरं काही एका जागी बसेनात.

त्यात वाड्याचं छत सागवानी, काळपट. पांढरं छत असतं तर फ्लॅश वर वळवून उजेड सगळ्यांवर पसरवला असता. लाकूड तो गिळून टाकतं. आत्याबाई लाल अलवणात, पाठीमागे लाकडी दार. सगळं एक झालं.

खरं तर मी दारापर्यंत मागे सरकायला हवं होतं. पोरं १४ फुटांवर, शेवटची रांग २० वर, म्हणजे मागच्यांना पुढच्यांच्या निम्मा तरी उजेड मिळाला असता. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून कुणाकडून तरी उंच धरवायचा आणि त्याचं तोंड मागच्या रांगेकडे करायचं. अ‍ॅपर्चर मात्र ४ पर्यंत उघडावं लागलं असतं, आणि त्या काळी मला फोकसची भीती वाटायची.

जुन्या लोकांना ही अडचण वेगळ्या तऱ्हेने यायची. लाला दीनदयाल १८७० च्या दशकात इंदूरलाच नोकरीत असताना कॅमेऱ्याकडे वळले. त्या काळातले ग्रुप बहुतेक चौकात नाहीतर पायऱ्यांवर घेतलेले, उघड्या उजेडात. आभाळ सगळ्यांना सारखंच दूर, त्यामुळे शेवटच्या रांगेतली मिशीसुद्धा स्पष्ट दिसते. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर काढली आणि माणसं घरात आली. पावडर ट्रेमध्ये उंच धरून पेटवायची. ज्वाळा मोठी, म्हणून सावल्यांच्या कडा मऊ. खोलीत धूर मात्र असा की दुसरा फोटो घ्यायला थांबावं लागे. १९३० च्या सुमारास बल्ब आले, धूर गेला. पुढे आमचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश : छोटासा, कॅमेऱ्याला चिकटलेला, सावली सुरीने कापल्यासारखी.

म्हणून माळ्यावरून ग्रुप फोटो निघाला की आधी सावल्या पाहा. पुढची पोरं पिठात बुडवल्यासारखी पांढरी आणि मागचे काळे असतील, तर त्यावरून कुणाचा वर्ण किंवा दर्जा ठरवू नका. आपल्याकडे मागच्या रांगेत सुना, लेकी, विधवा बायका उभ्या राहत, म्हणजे अंधारही बहुतेक त्यांच्याच वाट्याला आला. आत्याबाई तर स्वतःहून मागे गेल्या होत्या. "मला कशाला फोटोत?" म्हणत. आग्रह करून उभं केलं, ते तिथे.

त्या गेल्यावर घरच्यांनी त्यांचा चेहरा मोठा करून मागितला. दुसरा फोटोच नव्हता. मी डार्करूममध्ये दोन रात्री घालवल्या. निगेटिव्ह तिथे जवळजवळ कोरी होती. कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि एका गालाची कड, एवढंच कागदावर उतरलं. घरच्यांनी तेही फ्रेम करून देवघराशेजारी लावलं.

फोटोखालची ओळ आता बदलली आहे.