फ्लोराइड : डागाच्या शोधातून सापडलेला उपाय

संशोधनाची तयारी करताना आपल्याला सांगतात की आधी गृहीतक मांडा, मग प्रयोग करा. प्रत्यक्षात विज्ञानाचा इतिहास इतका शिस्तीत चालत नाही. फ्लोराइडची गोष्ट त्यासाठी वाचण्यासारखी आहे. दात किडू नयेत म्हणून आपण जे वापरतो, ते दात खराब का होतात हे शोधताना सापडलं.

1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना टाकतो. तिथे जन्मलेल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. 1909 पासून जी. व्ही. ब्लॅक हे नावाजलेले दंततज्ज्ञ त्याच्या मदतीला येतात. दोघांच्या लक्षात येतं की हे डागाळलेले दात किडत मात्र फारसे नाहीत. तुमच्या नोंदवहीत असं विसंगत काही आलं तर ते खोडू नका, मुद्दा हाच आहे.

मॅकेचा संशय पाण्यावर होता, पण पाण्यातलं नेमकं काय, ते कळायला 1931 उजाडलं. अॅल्युमिनियम कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी बॉक्साइट नावाच्या गावातलं पाणी तपासलं आणि त्यात भरपूर फ्लोराइड निघालं. म्हणजे उत्तर यायला तीस वर्षं लागली, कारण तोपर्यंत पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत फ्लोराइड मोजतच नव्हते. जे मोजत नाही, ते दिसत नाही.

पुढचं काम ट्रेंडली डीन यांचं. त्यांनी डागांची प्रतवारी ठरवली. 1942 पर्यंत 21 शहरांतल्या 7,257 मुलांचे दात आणि तिथलं पाणी यांचा मेळ घातला. लिटरला साधारण 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड कमी आणि ठळक डागही नाहीत, असं दिसलं. मग 25 जानेवारी 1945 रोजी ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. तुलनेसाठी मस्कीगन शहर ठेवलं होतं, पण 1951 मध्ये त्यांनीही फ्लोराइड सुरू केलं आणि तुलनागट हातातून गेला! माणसांवरच्या अभ्यासात असं होतं, हे आराखडा करतानाच लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे या. 1937 मध्ये शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून जे नोंदवलं, ते डागांच्या पलीकडचं होतं. तिथे लोकांची हाडं आणि सांधे आखडले होते. महाराष्ट्रातही यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या आणि नांदेडच्या किनवट भागातल्या बोअरच्या पाण्यात हा प्रश्न आहे. पाणी खडकात जास्त काळ मुरलं, त्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलं, की फ्लोराइड जास्त विरघळतं. नागपूरच्या नीरीने 1970 च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते काढायची ‘नलगोंडा’ पद्धत विकसित केली, ती याचसाठी.

उलट स्वारगेटला नळ उघडला तर येतं ते खडकवासल्याचं, म्हणजे धरणात साठलेलं पावसाचं पाणी. खडकाशी त्याचा संबंध कमी, त्यामुळे अशा पाण्यात फ्लोराइड साधारणपणे कमीच असतं. म्हणून ‘फ्लोराइड चांगलं की वाईट?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे, किती, कोणत्या वाटेने, हे विचारावं लागतं. डीन यांचा 1 चा आकडाही जसाच्या तसा इथे लावता येत नाही, कारण उन्हाळ्यात आपण पाणी जास्त पितो. आपलं मानक लिटरला 1 मिलिग्रॅम स्वीकारार्ह धरतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतं.

या कथेत एक वळण आहे. सुरुवातीला वाटायचं की फ्लोराइड पोटात जाऊन, दात घडतानाच त्यांना मजबूत करतं. आज मानतात की मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर होतं. गोड खाल्लं की जिवाणू आम्ल करतात. पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळेत थोडं फ्लोराइड असेल तर ती खनिजं परत बसायला मदत होते. निरीक्षण बरोबर होतं, कारणमीमांसा बदलली. हे वळण व्यवहारात मोठं आहे, कारण दातांवर लावायचं असेल तर गिळायची गरज उरत नाही. यवतमाळच्या मुलालाही पाण्यातलं फ्लोराइड काढून टाकून पेस्टचा फायदा देता येतो, फक्त लहान मुलांनी ती गिळू नये. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते.

मग दंतवैद्याकडे नियमित कशाला जायचं? कीड सुरू होते ती पांढुरक्या डागाने, आणि त्या टप्प्यावर ती फ्लोराइडने थांबू शकते, कधी परतूही शकते. खड्डा पडला की नाही. दुखेपर्यंत थांबलेल्या माणसाकडे तो टप्पा उरलेला नसतो.

शेवटी एक अभ्यास. घरातल्या पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण वाचा, नसेल तर तेही लिहा. तुमच्या गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीकडे मागा. दोन्ही शेजारी ठेवून एकच प्रश्न लिहा, असा की ज्याचं उत्तर मोजून देता येईल. संशोधन प्रस्तावाची पहिली ओळ तीच असते.