कोबुर्गचे नगरचिन्ह : प्रतीकाचा अर्थ आणि सत्ता

प्रस्तावना

मध्ययुगीन युरोपात ढालीवरील चिन्ह ही प्रथम योद्ध्याची ओळख होती. पुढे ती घराण्यांची आणि नगरांचीही झाली. नगरचिन्हांचा अभ्यास बहुधा रंग व आकृती यांच्या वर्णनापाशी थांबतो. तथापि एखादे चिन्ह कोणी जपले, कोणी पुसले आणि का, हे प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरतात. जर्मनीतील उत्तर बव्हेरियामधील कोबुर्ग या छोट्या शहराचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे.

चिन्हाचे मूळ

कोबुर्गच्या सोनेरी ढालीवर कानात वलय असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषाचे मस्तक आहे. ते शहराचे संरक्षक संत मॉरिस यांचे मानले जाते. शहरातील प्रमुख चर्चही त्यांच्याच नावाचे आहे. परंपरेनुसार मॉरिस हे इजिप्तमधील थीब्ज येथील रोमन सैन्यदलाचे प्रमुख होते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, धर्मबांधवांविरुद्ध शस्त्र उचलण्याची सम्राट मॅक्सिमियनची आज्ञा नाकारल्यामुळे त्यांना हौतात्म्य प्राप्त झाले, अशी कथा आहे. ‘मॉरिस’ या नावाचा संबंध ‘मूर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी आहे. तेराव्या शतकात माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये त्यांची आफ्रिकी चेहऱ्याची मूर्ती घडविली गेली. म्हणजेच मध्ययुगीन जर्मनीने एका कृष्णवर्णीय वीराला पूज्य मानले होते.

चिन्हाचे उच्चाटन

इ.स. १९२९ मध्ये कोबुर्गच्या नगरपरिषदेत नाझी पक्षाला बहुमत मिळाले. असे बहुमत देणारे हे जर्मनीतील पहिले शहर होय. वंशश्रेष्ठत्वाच्या विचारसरणीला शहराच्या ढालीवरील कृष्णवर्णीय संत मानवणे शक्य नव्हते. १९३४ मध्ये ते मस्तक हटवून तलवार व तिच्या मुठीच्या टोकाशी नाझी स्वस्तिक असलेले चिन्ह स्वीकारण्यात आले. भारतीय परंपरेत मांगल्याचे द्योतक असलेली आकृती येथे वंशद्वेषाची खूण बनली, हे लक्षणीय आहे. १९४५ मध्ये नाझी राजवट कोसळल्यावर जुने चिन्ह पुन्हा स्थापित झाले.

नवा वाद

२०२० मध्ये जगभर वर्णद्वेषविरोधी आंदोलने झाली, तेव्हा हेच चिन्ह बदलण्याची मागणी पुढे आली. जाड ओठ व कानातील वलय यांतून आफ्रिकी माणसाची साचेबंद प्रतिमा रूढ होते, असा आक्षेप होता. उलट, ज्या चिन्हाला नाझींनी हद्दपार केले ते काढणे म्हणजे संतांचा दुसऱ्यांदा अवमान होय, असे समर्थकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू वर्णद्वेषाचा विरोधच करीत होत्या, हे येथे विसरता येत नाही.

निष्कर्ष

प्रतीकाचा अर्थ त्याच्या मूळ हेतूवरून कायमचा निश्चित होत नाही. संताविषयीचा आदर आणि चित्रणातील साचेबंदपणा एकाच ढालीवर एकत्र नांदू शकतात. १९३४ च्या सत्ताधीशांना ते मस्तक असह्य झाले, ही त्याच्या प्रतिष्ठेची साक्ष आहे. परंतु ती साक्ष आजच्या आक्षेपाचे उत्तर ठरत नाही. म्हणून नगरचिन्हाच्या अभ्यासकाने त्याच्या उगमाबरोबरच त्याच्या प्रत्येक पुनर्वाचनाचाही इतिहास नोंदविणे आवश्यक ठरते.