पुण्यात फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचाय? आधी हा हिशोब मांडा

"एक फ्लॅट घेऊन ठेव, भाड्यातून हप्ता निघेल." पुण्यात नोकरीला लागलेल्या जवळपास प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. पण बाणेर, खराडी, कोथरूडसारख्या भागांतल्या आजच्या किमतींत भाडं हप्त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही, असं अनेकदा होतं. उरलेली रक्कम दर महिन्याला पगारातून भरावी लागते.

खर्च किती येतो?

समजा, ८० लाखांचा तयार फ्लॅट आहे. बँकेने ८० टक्के, म्हणजे ६४ लाख कर्ज दिलं, तर १६ लाख स्वतःचे लागतात. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. म्हणजे हातात सुमारे २२ लाख हवेत. घर महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

६४ लाखांचं कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ५५,५०० रुपये येतो. भाडं २२ हजार धरलं तर दरमहा ३३,५०० रुपयांची तूट. सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकत कर आणि घर रिकामं राहिलेले महिने वेगळेच. हप्त्यातून थोडी मुद्दलही फिटते, पण सुरुवातीच्या वर्षांत मोठा वाटा व्याजाचाच असतो.

म्हणजे इथे फायदा भाड्यापेक्षा घराची किंमत वाढण्यावर अवलंबून असतो. आणि किंमत वाढेलच, याची हमी कुणी देत नाही.

बांधकाम चालू असलेलं घर स्वस्त पडतं का?

त्यावर जीएसटी लागतो. साधारण घरांना ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरांना १ टक्का. पुण्यात ४५ लाखांपर्यंतचं आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्राचं घर 'परवडणारं' धरलं जातं. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही.

महारेरा १ मे २०१७ पासून काम करते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तिच्या वेबसाइटवर टाकला की मंजूर नकाशे, ताब्याची तारीख आणि चालू खटले दिसतात. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

गावाबाहेरचा प्लॉट?

एक-दोन गुंठ्यांच्या स्वस्त प्लॉटमध्ये फसवणुकीचा धोका जास्त. सातबाऱ्यावर सामाईक नाव लागलं म्हणजे आपला तुकडा वेगळा झाला, असं होत नाही. एनए आदेश आणि मंजूर लेआउट पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

२२ लाख नसतील तर?

'रीट' हा पर्याय आहे. यात अनेक गुंतवणूकदारांच्या पैशातून भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती घेतल्या जातात आणि त्याची युनिट्स शेअर बाजारात मिळतात. देशातलं पहिलं रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आलं. हिंजवडीतली काही आयटी पार्क त्याच्याकडे आहेत. माइंडस्पेस रीटकडे येरवड्याचं कॉमरझोन आहे. डीमॅट खात्यातून एक युनिटही घेता येतं.

वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम रीटला युनिटधारकांना द्यावी लागते. मात्र युनिटची किंमत शेअरसारखी वर-खाली होते, आणि ही गुंतवणूक घरांत नसून मुख्यतः ऑफिसांत असते.

सुरुवात कशी करावी?

सही करण्याआधी सहा महिने एक प्रयोग करता येतो. हप्ता आणि भाडं यांतली तूट दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची. वरच्या उदाहरणात ती ३३,५०० रुपये होते. सहा महिने ती विनासायास बाजूला पडली, तर फ्लॅटचा विचार करायला हरकत नाही. दुसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर २० वर्षांचं कर्ज झेपणार नाही हे आधीच कळतं. आणि साठलेले पैसे तर आपलेच राहतात.